पाव दिवसाची उभी रेघ

दंड म्हटले की तुमच्या पोटात गोळा येतो, हे मला ठाऊक आहे. पण मित्रांनो, घाबरू नका. वाचनालयाचे पुस्तक उशिरा दिले म्हणून भरावा लागतो, तो दंड मी नव्हे. आखाड्यात पैलवान थोपटतात, तो दंडही मी नव्हे. मी कागदावरचा दंड. वरून खाली ओढलेली एक उभी रेघ, आणि तीही जुनी. मला डोके नाही, शेपूट नाही. अक्षराला लागणारा काना माझा भाऊ शोभतो खरा, पण त्याला अक्षराचा आधार लागतो. मी एकटा उभा राहतो.

माझे कुळ फार मागचे आहे. दोन हजार वर्षांपूर्वी लोक दगडावर ब्राह्मी लिपी कोरत, तिथे आमचे पूर्वज राहत. त्या वेळी वाक्य कुठे थांबले हे सांगणारे आम्ही पुष्कळ जण होतो. कोणी नुसता ठिपका होता, कोणी आडवी रेघ, कोणी चंद्रकोरीसारखा वाकलेला, आणि एक तर चक्क कमळाचे फूल होता. प्रत्येक पूर्णविरामाला कमळ काढायचे ठरले असते, तर तुमचा गृहपाठ दिवाळीपर्यंत संपला नसता. दिसायला मी सगळ्यांत साधा. साधा होतो म्हणूनच टिकलो. पुढे पोथ्या आल्या. चरण संपला की मी एकटा उभा राही आणि ओवी संपली की जोडीने. लोक आम्हाला पाहून श्वास घेत. ते काम मला आवडायचे.

मग मोडी लिपी आली आणि माझे हे काम गेलेच म्हणा. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडव्या रेघा मारून घेई आणि मग त्या रेघांना अक्षरे टांगत सुटे. दोन शब्दांत जागा सोडायची नाही, हात होता होईल तो उचलायचा नाही. सगळा घाईचा मामला. जिथे लिहिणाऱ्यालाच थांबायला सवड नाही, तिथे थांबा दाखवणाऱ्याला कोण विचारणार? पानेच्या पाने लिहिली जात, त्यांत एक पूर्णविराम सापडत नसे.

पण मी रिकामा बसलो नाही. माझ्याकडे दुसरे काम होते आणि ते मोडीत जोरात चाले. आकड्यापुढे मी एकटा उभा राहिलो की माझी किंमत पाव. दोघे उभे राहिलो की अर्धा. तिघे असलो की पाऊण. म्हणजे १। हे सव्वा, १॥ हे दीड आणि १॥। हे पावणेदोन. तुम्ही आज जो अपूर्णांक मांडायला वर एक आकडा, खाली एक आकडा आणि मध्ये आडवी रेघ घेता, तो आम्ही एका उभ्या रेघेत उरकत होतो.

आता माझ्या स्वतःच्या जन्माची गोष्ट. राळेगणसिद्धीहून पारनेरला जाणारी एस.टी. हात दाखवला तरच थांबते, अशी एक वाडी आहे. तिचे नाव सांगत नाही. भांडण मिटले असले तरी पाहुण्यारावळ्यांत चर्चा कशाला? सव्वाशे वर्षांपूर्वी त्या वाडीतल्या पाच घरांनी मिळून एक विहीर खोदली. विहीर एक आणि मोटा पाच, तेव्हा कोणी किती दिवस पाणी घ्यायचे हे ठरवून त्यांनी कुळकर्ण्यांकडून कागद लिहून घेतला. कुळकर्ण्यांना त्या दिवशी सर्दी झाली होती. दर ओळीला ते नाक ओढत आणि पुढे लिहीत. ‘बन्सी यांचे घराने दिवस १॥ पाणी घ्यावे आसाराम यांचे घराने दिवस १। पाणी घ्यावे’ असे एका दमात लिहून ते पुढच्या घराकडे वळले. त्यातला आसारामच्या एकापुढे उभा असलेला तो मी.

दिवस म्हणजे सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. त्याचा पाव म्हणजे एक प्रहर, आजच्या घड्याळात तीन तास. दर आठवड्याला आसारामच्या घराला एक दिवस आणि वर तीन तास पाणी मिळे, ते तीन तास माझ्या जिवावर. मोटा गेल्या, ऑईल इंजिन आले. इंजिन गेले, विजेची मोटर आली. पाळी तीच राहिली. कुणी कुरकुर केली, तर जाणता माणूस कागद उलगडून माझ्यावर बोट ठेवी आणि म्हणे, सव्वा. एवढ्यावर लोक उठून घरी जात. त्या काळी माझा शब्द चालत होता, हे सांगताना मला अजून बरे वाटते.

पुढे मोडी शाळेतून गेली. वाचणारे एकेक करून गेले. छापलेल्या मराठीत इंग्रजीकडून आलेला ठिपका पूर्णविराम होऊन बसला. कानामागून आला आणि तिखट झाला. हिंदीने मला ठेवून घेतले, मराठीने सोडले. आणि मग विहीरच आटली. एक नाही, दोन नाही, पंचवीस वर्षे तिच्या तळाला नुसते दगड दिसत. पाणीच नाही तर पाळी कसली? आसारामच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या लग्नपत्रिका आणि रेशनकार्डे यांच्याखाली मी पडून राहिलो. कागदाला कसर लागली. तिने खालच्या दोन घरांच्या ओळी खाल्ल्या. ती घरे केव्हाच पुण्याला गेली होती, म्हणून कोणी हळहळले नाही. पण त्यामुळे सगळ्यांच्या दिवसांची बेरीज करून ताळा पाहण्याची सोयही संपली.

मी पेटीत होतो तेव्हा बाहेर कॉम्प्युटर आला होता. मित्रांनो, त्या जगात तोंड पाहून कोणी ओळखत नाही, नंबर लागतो. जगातल्या जुन्या-नव्या लिप्यांची सगळी चिन्हे एका मोठ्या यादीत बसवली आहेत. तिला युनिकोड म्हणतात. ब्राह्मीतले आमचे ते कमळसुद्धा तिथे आहे. पूर्णविराम म्हणून माझा नंबर शून्य नऊ सहा चार. आम्ही जोडीने उभे असलो की नंबर शून्य नऊ सहा पाच. मोडीतल्या दंडाचा नंबर निराळा. आणि पाव म्हणून उभा असतो तेव्हाचा नंबर आणखी निराळा, ए आठ तीन शून्य. चेहरा एक आणि आधार कार्डे तीन, असा माझा संसार आहे. यादी करणारी माणसे चोख, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त त्या पाववाल्या नंबरची कळ कुणाच्या कीबोर्डवर नसते. त्यामुळे पाव लिहायचा असला तरी लोक पूर्णविरामाचीच कळ दाबतात. माझ्यावरचा प्रसंग आला तो याच्यामुळे.

आठ-दहा वर्षांपूर्वी वाडीने मनावर घेतले. लोक हिवरे बाजार पाहून आले, डोंगराला चर खोदले, ओढ्याला बांध घातले. तीन पावसाळे झाले आणि विहिरीला पाणी लागले. मग सगळ्यांनी मिळून तिच्यावर सौरपंप बसवला. तो ऊन असेपर्यंत चालतो, म्हणजे मोटेसारखाच. पुण्याला गेलेल्या घरांचे दिवस गावच्या पिण्याच्या टाकीला दिले. बाकीच्यांचे दिवस मात्र कुणाला धड आठवेनात.

आसारामच्या घरात आता बायडाबाई एकट्याच राहतात. वय साठीच्या पुढे, नवरा वारलेला, मुलगी सासरी. दोन गाई आहेत आणि दहा गुंठे घास आहे. नगरकडे घास म्हणजे गाईंचा हिरवा चारा. एकदा पेरला की चार-चार वर्षे कापत राहायचा, पण त्याला पाणी वेळेवर लागते. गाईंचे दूध डेअरीला जाते आणि त्यावर बायडाबाईंचे चालते. बन्सीच्या घरात गहिनीनाथ आहे, बायडाबाईंचा चुलत दीर. त्याची पाळी त्यांच्यामागून येते, तेव्हा त्यांची जिथे संपेल तिथून त्याची सुरू होते. माणूस वाईट नाही. पण पाण्याच्या बाबतीत कोणता शेतकरी साधुसंत असतो?

“माझी सासू मरूस्तोवर सव्वाच म्हनत हुती,” बायडाबाई विहिरीवर सगळ्यांदेखत म्हणाल्या.

“सासू गेली, वहिनी. आता कागद काय म्हनतो ते बघू,” गहिनीनाथ म्हणाला. “कागदात सव्वा निघाला तर सव्वा. एक निघाला तर एक. मंग पुन्यांदा बोलायचं न्हाई.”

बायडाबाईंनी पेटी उघडून कागद त्याच्या हातात दिला. वाचता येत नसताना त्यांनी माझ्यावर भरवसा टाकला. मला काय वाटले असेल, याचा तुम्हीच विचार करा.

नगरला रंगनाथ गुरुजी नावाचे निवृत्त शिक्षक मोडी वाचून देतात. त्यांनी कागदाचा फोटो काढून घेतला, भिंगातून एकेक अक्षर पाहिले आणि सगळा मजकूर देवनागरीत हाताने उतरवला. जसे आहे तसे उतरवायचे, हा त्यांचा नियम. म्हणून मला त्यांनी १। असेच ठेवले. फक्त वाचणाऱ्याला दम घेता यावा म्हणून वाक्ये संपतात तिथे त्यांनी आपल्या मनाने दंड घातले. पोथ्या वाचून वाचून त्यांच्या हाताला ठिपक्यापेक्षा दंडाचीच सवय होती. असे तेरा पूर्णविराम आणि चौदावा मी, एका कागदावर शेजारी शेजारी उभे राहिलो. दिसायला आम्ही एकसारखे.

तो कागद टाईप करायला पारनेरला एस.टी. स्टँडजवळ सुरेखाताईंच्या दुकानात आला. टायपिंग आणि झेरॉक्सचे दुकान. कचेरीच्या रांगेत लोक म्हणत, सुरेखाताईंकडून टाईप करून आणलेय ना, मग चूक नसणार. बाईंना या गोष्टीचा अभिमान होता आणि तो खोटाही नव्हता. तुम्ही विचाराल की मी पेटीतल्या कागदात असताना दुकानातले मला कसे कळले? आम्हा चिन्हांचे असेच असते. जिथे आम्हाला कोणी काढील तिथे आम्ही हजर.

सुरेखाताईंनी सगळे अचूक टाईप केले. मलाही केले. पूर्णविरामाच्या कळीने केले, पण केले. मग पडद्याकडे पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. मराठी मजकुरात इतक्या उभ्या रेघा? ही तर हिंदीची पद्धत. गुरुजी हिंदी शिकवत असतील, असे त्या स्वतःशी म्हणाल्या. मजकूर नीटनेटका करून द्यावा, या चांगल्या हेतूने त्यांनी कॉम्प्युटरला सांगितले, उभी रेघ शोध आणि तिच्या जागी टिंब घाल. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उत्तर आले, चौदा ठिकाणी बदल केला. तेरा त्यांचे आणि एक मी. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात, ते असे.

पुढच्या रविवारी विहिरीवरच्या लिंबाखाली लोक जमले. छापील कागद गहिनीनाथानेच मोठ्याने वाचला. ‘बन्सी यांचे घराने दिवस १॥ पाणी घ्यावे.’ दोन रेघा म्हणजे अर्धा, हे वाडीतल्या चार जुन्या माणसांना अजून माहीत होते. त्यांनी माना हलवल्या, दीड. पुढची ओळ आली. ‘आसाराम यांचे घराने दिवस १. पाणी घ्यावे.’

“एक. आन् म्होरं टिंब,” गहिनीनाथ म्हणाला. “वाक्य संपलं.”

पुन्हा बोलायचे नाही असे ठरलेलेच होते. कागद हातात घेऊन बायडाबाईंनी तो उलटसुलट पाहिला आणि परत दिला. मी त्या छापील कागदावर नव्हतो आणि मूळ कागद वाचणारे तिथे कोणी नव्हते. माझ्या आयुष्यात मला एवढी लाज कधी वाटली नव्हती, आणि चूक तर माझी नव्हती.

त्या दिवसापासून तीन तासांचे पाणी गहिनीनाथाच्या कांद्याकडे वळले. दिवस उन्हाळ्याचे होते. घासाचा खालचा तुकडा पिवळा पडला, मग वाळला. गाईंचे दूध आटले. तीन आठवड्यांनी बायडाबाईंनी एक गाय काष्टीच्या बाजारात विकायचे ठरवले. उरलेल्या घासावर एकीचेच पोट भरणार होते. पण त्याआधी त्या एस.टी.ने पारनेरला गेल्या आणि सुरेखाताईंच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या.

“ताई, तुमी टाईप करताना माझं काही गाळलं का?”

“आम्ही अक्षरसुद्धा गाळत नाही, मावशी,” सुरेखाताई जरा तोऱ्यातच म्हणाल्या. “आला तसा कागद उतरवतो.”

“राग मानू नका. मला वाचता येत न्हाई म्हनून इचारलं. कागदाचं आन् माझ्या सासूचं जमंना झालंय. दोघांतलं एक खोटं हाय. आन् सासू खोटं बोलत नव्हती.”

“झेरॉक्स हवी का आणखी?”

“न्हाई. गाय बाजारला न्यायची हाय. दावं सोडायच्या आदी एकदा इचारून यावं म्हनलं.” एवढे बोलून बायडाबाई निघून गेल्या. पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत.

सुरेखाताईंना राग आला होता. पण कामात त्यांचे लक्ष लागेना. शेवटी आपले खरे करून घेण्यासाठीच त्यांनी ती फाईल उघडली. अक्षर एकही गळलेले नव्हते. मात्र आता त्यांना दोन गोष्टी दिसल्या. ‘दिवस १.’ यातले टिंब वाक्याच्या मध्येच पडले होते, कारण पुढे ‘पाणी घ्यावे’ होते. आणि वरच्या ओळीत १॥ यातल्या दोन रेघा जशाच्या तशा उभ्या होत्या. सगळ्या रेघांची टिंबे झाली, मग या कशा राहिल्या? मित्रांनो, त्या राहिल्या कारण जोडीचा नंबर वेगळा. एकट्या रेघेला शोधायला निघालेल्या कॉम्प्युटरला जोडी दिसलीच नाही. सुरेखाताईंना नंबरांचे एवढे माहीत नव्हते, पण काहीतरी चुकले एवढे कळले. त्यांनी नगरला फोन लावला.

“गुरुजी, त्या विहिरीच्या मूळ कागदात पूर्णविराम किती आहेत?”

“एकही नाही. मोडीत कुठून येणार? ते तेरा मी घातले.”

“मग चौदावा? आसारामच्या ओळीत, एकच्या पुढचा?”

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. “बाई, तो पूर्णविराम नाही. तो पाव आहे. दिवस सव्वा. तुम्ही काय छापलंत?”

सुरेखाताईंनी काय छापले ते सांगितले.

“चूक माझीही आहे,” गुरुजी म्हणाले. “शेजारी अक्षरात सव्वा लिहायला हवं होतं. मला वाटलं, एवढं कुणालाही कळेल. ज्याला येतं त्याला नेहमी तसंच वाटतं.”

फोन ठेवून सुरेखाताई बराच वेळ बसून राहिल्या. ही चूक कुणाच्या ध्यानात आलेली नव्हती आणि येण्यासारखीही नव्हती. गप्प बसले की झाले. बोलले तर पारनेरभर होणार, आणि मग त्यांनी टाईप केलेल्या प्रत्येक कागदाकडे लोक दोनदा पाहणार. वीस वर्षांत मिळवलेले नाव एका टिंबापायी जाणार. मला त्या बसलेल्या बाईची खरोखर काळजी वाटत होती, आणि बायडाबाईंची त्याहून जास्त. शेवटी सुरेखाताईंनी गुरुजींकडून मूळ कागदाचा फोटो मागवला, तो मोठा करून छापला आणि रविवारी सकाळच्या एस.टी.त बसल्या. वाडीचा फाटा आल्यावर एस.टी.ला हात करून नव्हे, कंडक्टरला तीनदा सांगून उतरावे लागले.

विहिरीवर गहिनीनाथाची पाळी चालू होती. सुरेखाताईंनी सगळ्यांना बोलावून घ्यायला सांगितले. लोक जमले. बायडाबाई शेण काढता काढता तशाच आल्या. आसारामच्या ओळीत एक नाही, सव्वा दिवस आहे, असे सुरेखाताईंनी सांगितले.

“म्याडम, मागं एक छापून दिलं, आता सव्वा म्हनता. उद्या दोन निघतील,” गहिनीनाथ म्हणाला, आणि दोघे-चौघे हसले.

“चूक माझी आहे,” सुरेखाताई म्हणाल्या. “मी उभ्या रेघा काढून टिंबं घातली. मला ती हिंदीची रेघ वाटली. कागदाची चूक नाही आणि या मावशींचीही नाही.” त्यांनी मोठा फोटो कठड्यावर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. “हा तुमचा मूळ कागद. ह्यात एक तरी पूर्णविराम दाखवा. सबंध कागदात हे कुळकर्णी कुठंच थांबले नाहीत. मग ह्यांच्याच ओळीत, तेही मध्येच, कसे थांबतील?”

गहिनीनाथ वाकून पाहू लागला. त्याने सगळ्या ओळींवरून बोट फिरवले, दोनदा फिरवले. मग ते बोट माझ्यावर येऊन थांबले. कित्येक वर्षांनी माझ्यावर कुणाचे बोट टेकले होते.

“रेघ हाय,” तो म्हणाला. “पर मोडी आमाला कुठं येती? कशाची रेघ, कुनाला म्हाईत? शाई वघळली आसंल.”

सुरेखाताई काही म्हणायच्या आत बायडाबाई पुढे आल्या. त्यांनी सुरेखाताईंना विचारले, “ह्यांचा दीड कुठं लिवलाय?” सुरेखाताईंनी गुरुजींनी सांगितलेली जागा दाखवली. बायडाबाईंनी त्या दोन रेघांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

“भावजी, तुमच्या दोन रेघा, माजी एक. तुमच्या दोन्ही शाई वघळून झाल्या का?”

गहिनीनाथाचे बोट पुन्हा त्या दोन रेघांवर गेले.

“दोघींचा अर्धा व्हतो, तर एकीचा पाव व्हनारच,” बायडाबाई म्हणाल्या. “त्याला शाळा लागत न्हाई. माजी पुसायची आसंल तर तुमच्या बी पुसा. मंग आपन दोघं बी एक-एक दिस घेऊ.”

हा हिशोब कोणत्याही गुरुजीने इतका सरळ सांगितला नसता. गहिनीनाथाने तोंडावरून हात फिरवला. त्याच्या डोक्यात काय चालले होते ते मला कळले नाही, पण तो शब्दाचा पक्का निघाला.

“बोललो हुतो,” तो म्हणाला. “सव्वा निघाला तर सव्वा.” तो उठला, पाइपाजवळ गेला आणि व्हॉल्व्ह फिरवून त्याने पाणी बायडाबाईंच्या घासाकडे सोडले. पाळी त्याची असूनही सोडले. मग कांद्यात काम आहे म्हणून निघून गेला. काष्टीचा बाजार मंगळवारी असो की शनिवारी, बायडाबाईंची गाय काही त्यात उभी राहिली नाही.

सुरेखाताईंना थोडे दिवस ऐकून घ्यावे लागले. कचेरीत लोक कागद हातात घेताना विचारत, टिंब बघून दिलंत ना? बाई हसून हो म्हणत आणि पुन्हा एकदा मूळ कागदाशी ताडून पाहत. पहिल्यापेक्षा गर्दी कमी झाली नाही.

पाळीचा नवा कागद त्यांनीच फुकट टाईप करून दिला. माझा पाववाला खरा नंबर त्यांनी शोधून काढला होता. तो हौसेने टाकून पाहिला, पण त्यांच्या कॉम्प्युटरातल्या एकाही अक्षरवळणात, म्हणजे फाँटमध्ये, मी नव्हतो. माझ्या जागी नुसता रिकामा चौकोन उमटला. मग त्यांनी सरळ अक्षरात लिहिले, सव्वा दिवस. गुरुजींनी फोनवर तेच सांगितले होते. शहाणपणाचे झाले, यात शंका नाही. आता कोणी ठिपका घालो की काही घालो, बायडाबाईंचे तीन तास हलणार नाहीत. पण त्या कागदावर मी नाही. ज्या कामासाठी मी सव्वाशे वर्षे उभा होतो, ते काम दोन अक्षरांनी माझ्याकडून घेतले. मला वाईट वाटले. खोटे कशाला बोलू?

नव्या कागदाची घडी पेटीत गेली. रोजच्या उपयोगाला मात्र पंपाच्या पेटीवर पत्रा ठोकून त्यावर खडूने पाळ्या लिहायचे ठरले. लिहायला गहिनीनाथ बसला. आपल्या ओळीत त्याने १ काढला, पुढे दोन रेघा मारल्या. बायडाबाईंच्या ओळीत १ काढला आणि तो थांबला. खडू त्याने त्यांच्यासमोर धरला.

“वहिनी, तुमची रेघ तुमीच मारा.”

“मला कुठं येतंय?”

“त्यात काय यायचं? वरून खाली.”

बायडाबाईंनी पदराला हात पुसले, खडू मुठीत धरला, विळा धरतात तसा, आणि श्वास रोखून मला काढले. मी तिरका झालो, आणि शेजारच्या १ पेक्षा चांगला बोटभर उंच. दगडावर पाथरवटांनी मला कोरले, कागदावर कुळकर्ण्यांनी काढले, कॉम्प्युटरात टाईप करणाऱ्यांनी बसवले. सगळे शिकलेले, सगळे कुणा दुसऱ्यासाठी लिहिणारे. ज्या माणसाचे पाणी माझ्यावर चालते, त्याने स्वतःच्या हाताने मला काढले, असे हे पहिल्यांदा घडले.

मित्रांनो, जुन्या कागदात कळत नाही अशी खूण दिसली, तर ती पुसण्याआधी कुणाला तरी विचारा. आणि कधी त्या वाडीत पंप पाहायला गेलात, तर पत्र्याला ओला हात लावू नका. खडूची रेघ आहे, आणि बायडाबाई रोज सकाळी येऊन ती बघून जातात.